‘कनकॉक्शन’ म्हणजे मूळचं मिश्रण नव्हे

इंग्रजी ‘कनकॉक्शन’चा मूळ अर्थ ‘चार गोष्टी एकत्र कालवणं’ आणि त्यावरूनच ‘बनाव रचणं’ असं सर्रास सांगितलं जातं. आपण तर हा शब्द थेट काढ्यालाच चिकटवलाय. पण ही व्युत्पत्ती अर्धवट आहे.

मूळ लॅटिन क्रियापद ‘कोक्वेरे’, म्हणजे शिजवणं. इंग्रजीत सोळाव्या शतकात शब्द आला तो पचनाचा अर्थ घेऊन, आणि त्याच काळात फळ पिकण्यालाही तो लागला. सॅम्युएल जॉन्सनच्या 1755 च्या इंग्रजी शब्दकोशातही पोटातलं पचन आणि उष्णतेनं पिकणं हेच अर्थ आहेत. यामागे ॲरिस्टॉटलचा विचार होता: शिजणं, पचणं, पिकणं ही उष्णतेचीच कामं. जुने वैद्य तर अन्न तीनदा ‘शिजतं’ म्हणत, आधी जठरात, मग यकृतात, शेवटी अवयवांत. कट शिजवण्याचा, बनाव रचण्याचा अर्थ अठराव्या शतकाच्या अखेरचा.

मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हे, की ‘कोक्वेरे’ आणि संस्कृत ‘पच्’ एकाच आदिम धातूची लेकरं आहेत. ‘पच्’वरून पक्व, पक्ववरून आपलं पिकणं. अढीतला आंबा पिकतो, गळू पिकतं. आणि सुगरण पाक करते तो शब्दही त्याच घरातला. ‘कोक्वेरे’वरूनच आलेलं इंग्रजी ‘प्रिकोशस’ म्हणजे अकाली प्रौढ मूल, तेही मुळात वेळेआधी पिकलेलं फळच.