‘२१ डिसेंबर उलटला की सकाळी लवकर उजाडतं’: खरंच?

हे वाक्य दर हिवाळ्यात फिरतं. लंडनमध्ये ख्रिसमसचे दिवे उतरल्यावर काळोखात बस पकडणाऱ्याला वाटतं, मग आपलीच सकाळ का उजाडत नाही?

दिवस २१-२२ डिसेंबरनंतर वाढतो, हे खरंच. पण तो आधी संध्याकाळच्या टोकाला वाढतो. पृथ्वीचा कललेला आस आणि लंबवर्तुळाकार कक्षा यांमुळे या काळात सूर्याची माध्यान्ह, म्हणजे तो सर्वांत उंच येण्याची वेळ, घड्याळाच्या हिशोबात रोज सुमारे अर्ध्या मिनिटाने पुढे सरकते. सूर्योदयही तिच्यामागे ओढला जातो.

मोबाईलच्या हवामान ॲपमध्ये पाहा. लंडनला २१ डिसेंबरला सूर्य साधारण ८:०४ ला उगवतो, १ जानेवारीला ८:०६ ला. सूर्यास्त मात्र ३:५३ वरून ४:०२ वर गेलेला असतो. जानेवारीअखेर दिवस सव्वा तासाने मोठा. मुंबईत तर सर्वांत उशिराचा सूर्योदय संक्रांतीच्या आसपासच येतो. ‘तिळातिळाने’ म्हणतात ते उगीच नाही!

तेव्हा मन मरगळलं असेल, तर पहाटेशी झुंजू नका. दुपारी डबा खाऊन वीस मिनिटं बाहेर चाला. ढगाळ आभाळाचा उजेडही ऑफिसातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. मरगळ आठवडेच्या आठवडे हटली नाही, तर डॉक्टरांना भेटा.