वसाहतकालीन प्रदर्शन-वास्तू

एकोणिसाव्या शतकातील औद्योगिक प्रदर्शनांसाठी विकसित झालेला इमारतींचा प्रकार. कारखान्यांचा माल, कलावस्तू आणि ताब्यातील मुलखांचे नमुने एकाच छपराखाली, सारख्या उजेडात, चालता चालता पाहता यावेत, ही त्यामागची कल्पना. मराठवाड्याचा या वास्तूंशी संबंध आला तो अजिंठ्यामुळे.

या प्रकाराचा आदर्श म्हणजे १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टनने उभारलेला क्रिस्टल पॅलेस. २४ फुटांच्या चौकटीवर बेतलेला लोखंडी सांगाडा, त्यावर काच आणि आत अडवणाऱ्या भिंती जवळपास नाहीतच. सुटे भाग बनवून आणून जागेवर जोडल्यामुळे काम काही महिन्यांतच उरकले. उजेड मुबलक होता. इतका, की छपरावर कापड ताणावे लागले. पुढे हीच वास्तू लंडनच्या दक्षिणेकडील सिडनहॅमला हलवून वाढवली गेली आणि १८५४ मध्ये खुली झाली. तिथे इजिप्त, ग्रीस, अलहंब्रा (स्पेनमधला मूरकालीन राजवाडा) अशी देशोदेशींची दालने सजली.

त्याच सुमारास रॉबर्ट गिल हा मद्रास फौजेतील अधिकारी निजामाच्या राज्यातील अजिंठ्यात भित्तिचित्रांच्या नकला करीत होता. काम १८४४ मध्ये सोपवलेले. कॅनव्हास, तैलरंग आणि मूळ चित्रांएवढा आकार. विहारातल्या अर्धवट अंधारात चित्र एका भिंतीवरून दुसरीवर वाहत जाते, कुठे संपले ते चटकन कळत नाही. लंडनला गेले ते त्याचे चौकोनी तुकडे. प्रदर्शनाच्या आदर्श दालनाला असेच चित्र लागते, हे खरे. पण लेण्यातला पाहण्याचा अनुभव त्यात उरत नाही. सिडनहॅमला मांडलेल्या गिलच्या बहुतेक नकला ३० डिसेंबर १८६६ च्या आगीत गेल्या. लोखंड-काचेची इमारत जळणार नाही हा भरवसा फोल होता, कारण जमीन आणि बरेचसे आतले काम लाकडीच होते.

१८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स व त्याच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही अनेक लंडनमधील साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात १८८५ मध्ये जळाल्या. नुकसान लेण्यांचेही झाले: रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश चढवले गेले, ते पुढे पिवळे पडले. १९२० च्या दशकारंभी निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ बोलावून चित्रांची साफसफाई व डागडुजी करून घेतली.

अलीकडे अजिंठ्याच्या पायथ्याशी पर्यटक केंद्रात १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांच्या प्रतिकृती उभारल्या आहेत. इथे चित्रांबरोबर दालनांचीही नक्कल केलेली आहे.