लढाऊ विमान रडारला लहान कसे दिसते?

‘स्टेल्थ’ विमान रडारवर दिसतच नाही, असा समज रूढ आहे आणि तो चुकीचा आहे. रडारच्या लहरी ज्या वस्तूवर आदळतात आणि जिच्यावरून त्यांचा थोडा तरी अंश माघारी फिरतो, ती वस्तू पुरेशी जवळ आली की दिसतेच. प्रश्न फक्त ती किती अंतरावरून दिसते, एवढाच असतो. स्टेल्थ तंत्राचा सारा खटाटोप हे अंतर कमी करण्यासाठी आहे, आणि ते कमी करणे किती कठीण असते हे एकदा लक्षात आले की या विमानांचे कोनदार आकार, त्यांच्या झाकणांच्या दातेरी कडा आणि त्यांच्या देखभालीची कमालीची काटेकोर शिस्त यांचे कोडे उलगडू लागते.

अडचण मुळात गणिताची आहे. रडारने सोडलेली रेडिओ लहर पुढे जाताना पसरत जाते आणि तिची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. विमानावरून परतणारी लहरही तशीच पसरत येते, म्हणून रडारपर्यंत पोचणारी ऊर्जा अंतराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात कमी होते. हा नियम विमान लपवणाऱ्याच्या विरोधात जातो. विमानाचे परावर्तन १६ पटींनी कमी केले, तरी ते दिसण्याचे अंतर केवळ निम्मे होते. जे विमान २०० किलोमीटरवरून दिसत होते ते २० किलोमीटरवर येईपर्यंत दिसू नये असे वाटत असेल, तर परावर्तन १० हजार पटींनी घटवावे लागते. मात्र ते साधले, तर ताशी ९०० किलोमीटर वेगाने येणाऱ्या विमानाविरुद्ध तयारी करायला जिथे १३ मिनिटे मिळत होती, तिथे जेमतेम ८० सेकंद उरतात. माझ्या मते स्टेल्थचे खरे मोल अदृश्यतेत नसून शत्रूकडून हिरावून घेतलेल्या या १२ मिनिटांत आहे.

परावर्तन मोजण्यासाठी ‘रडार क्रॉस सेक्शन’ ही राशी वापरतात आणि ती चौरस मीटरमध्ये सांगतात. सुमारे ११३ सेंटिमीटर व्यासाच्या गुळगुळीत धातूच्या गोळ्याचे रडार क्रॉस सेक्शन १ चौरस मीटर असते. या राशीचा वस्तूच्या प्रत्यक्ष आकारमानाशी फारच सैल संबंध असतो. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा सपाट पत्रा ३ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रडारसमोर अगदी काटकोनात धरला, तर त्याचे रडार क्रॉस सेक्शन जवळपास १४ हजार चौरस मीटर भरते, कारण आलेली सगळी ऊर्जा तो आरशासारखी थेट माघारी पाठवतो. तोच पत्रा एका अंशाहूनही कमी कलवला की परावर्तनाचा मुख्य झोत रडारला चुकवून बाजूने निघून जातो. पत्रा तोच, धातूही तोच. बदलला तो फक्त कोन. स्टेल्थमध्ये आकाराला पहिला मान का मिळतो, याचे उत्तर या पत्र्यात आहे.

परावर्तन नेमके कोणत्या दिशेला किती जाईल हे आधी गणिताने काढता आले, तरच असा आकार आखता येतो. सपाट पृष्ठभागाचा हिशेब सोपा असतो, पण कडांवरून विखुरणाऱ्या लहरींचा हिशेब फार दिवस जमत नव्हता. तो मार्ग सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव यांनी १९६२ साली मॉस्कोत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवला. त्याचा इंग्रजी अनुवाद अमेरिकी हवाई दलाने करून घेतला आणि लॉकहीड या अमेरिकी विमाननिर्मिती कंपनीतील गणितज्ञ डेनिस ओव्हरहोल्सर यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास त्या समीकरणांवर आधारलेला संगणकीय कार्यक्रम लिहिला. त्या काळच्या संगणकांना वक्र पृष्ठभाग झेपत नसे, म्हणून सगळे विमानच सपाट पैलूंचे करावे लागले. ‘हॅव ब्लू’ हे प्रायोगिक विमान १९७७ च्या डिसेंबरात उडाले आणि त्याच्यातून घडलेले एफ-११७ हे अमेरिकी स्टेल्थ विमान जून १९८१ मध्ये. पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखे ते विमान हवेत स्वतःहून स्थिर राहू शकत नसे. संगणक क्षणोक्षणी त्याची नियंत्रणे सावरत असे. संगणकांची ताकद वाढल्यावर बी-२, एफ-२२ आणि एफ-३५ या पुढच्या स्टेल्थ विमानांच्या अंगावर पुन्हा वक्ररेषा आल्या.

आजच्या स्टेल्थ लढाऊ विमानाकडे वरून पाहिले तर पंखांच्या आणि शेपटीच्या कडा एकमेकींना समांतर दिसतात. कडांवरून होणारे परावर्तन पूर्णपणे टाळता येत नाही, म्हणून ते मोजक्याच दिशांत गोळा करून बाकीच्या दिशा शांत ठेवायच्या, हा त्यामागचा विचार असतो. चाकांच्या झाकणांच्या आणि शस्त्रकप्प्याच्या दारांच्या कडा दातेरी असतात त्याचेही कारण हेच, कारण सरळ आडवी फट समोरच्या रडारकडे लहर परत पाठवते. उभी शेपूट आणि आडवी शेपूट काटकोनात जुळली, तर त्या कोपऱ्यात शिरलेली लहर आली तशी माघारी फिरते. म्हणून उभ्या शेपट्या तिरप्या बसवतात. क्षेपणास्त्रे आणि बॉम्ब पोटातल्या कप्प्यात ठेवतात, आणि ती सोडण्यापुरती दारे उघडली की तेवढ्या काळात विमान अधिक ठळक दिसते.

सर्वांत त्रासदायक भाग इंजिनाचा असतो. हवा ओढणाऱ्या तोंडातून आत गेलेली लहर इंजिनाच्या फिरत्या पात्यांवर आदळून जोरात परतते. एफ-११७ मध्ये या तोंडांवर बारीक जाळी बसवली होती, जिची छिद्रे रडारच्या तरंगलांबीहून लहान होती. पुढच्या विमानांत हवेची वाट नागमोडी केली, म्हणजे समोरून पाती दिसतच नाहीत आणि आत शिरलेली लहर भिंतींवरच्या शोषक थरावर वारंवार आपटून विरत जाते. वैमानिकाच्या काचेवरही धातूचा किंवा धातूच्या ऑक्साइडचा विजेचा वाहक असलेला अत्यंत पातळ थर देतात, कारण काचेतून लहर आत गेली तर आसन, हेल्मेट आणि उपकरणे मिळून विमानाच्या बाहेरच्या अंगापेक्षाही जास्त गोंधळ घालू शकतात.

लेपांचे काम आकारानंतरचे. लोहकण मिसळलेला शोषक थर लहरीची काही ऊर्जा उष्णतेत बदलतो. दुसऱ्या एका पद्धतीत धातूपासून तरंगलांबीच्या चतुर्थांशावर, म्हणजे ३ सेंटिमीटरच्या लहरीसाठी ७.५ मिलिमीटरवर, विजेला काहीसा रोध करणारा एक पातळ पडदा असतो आणि त्याच्यावरून व धातूवरून परतलेल्या लहरी एकमेकींना मारक ठरतात. मात्र हे अंतर एकाच तरंगलांबीला जुळते.

या तंत्राची मर्यादा नेमकी इथेच आहे. सुमारे २ मीटर तरंगलांबीच्या रडारसाठी लेपाची जाडी नगण्य ठरते, आणि शेपटीसारखे भाग तरंगलांबीच्या मापाचे असल्यामुळे त्यांच्यात अनुनाद होऊन, म्हणजे लहरीच्या तालाशी ताल जुळून, परावर्तन वाढते. २७ मार्च १९९९ रोजी तेव्हाच्या युगोस्लाव्हियाच्या (आजच्या सर्बियाच्या) क्षेपणास्त्र दलाने बेलग्रेडजवळ एफ-११७ पाडले, तेव्हा टेहळणीसाठी अशाच लांब लहरींचे जुने पी-१८ रडार वापरले होते. लांब लहरींचा झोत रुंद असल्याने विमान आहे हे कळते, पण क्षेपणास्त्र डागण्याइतकी अचूक जागा कळत नाही. शेवटचा नेम दुसऱ्या, आखूड तरंगलांबीच्या रडारलाच धरावा लागला आणि तोही विमान जवळ आल्यावर.

इतके सगळे करूनही पृष्ठभाग निर्दोष राहिला पाहिजे. ‘हॅव ब्लू’च्या एका चाचणीत विमान रडारवर अचानक मोठे दिसू लागले, शोध घेतल्यावर तीन स्क्रू पुरते आवळले नसल्याचे आढळले. त्यांची डोकी पृष्ठभागाच्या वर ३ मिलिमीटरसुद्धा आली नव्हती. म्हणूनच कारागीर फटी बुजवून, लेप पुन्हा चढवून आणि सांधे तपासून विमान उड्डाणाला देतात. शांततेच्या काळात मात्र याच विमानांच्या अंगावर लुनेबर्ग लेन्स नावाचा परावर्तक मुद्दाम बसवतात, म्हणजे नागरी नियंत्रण कक्षांना ती व्यवस्थित दिसतात आणि त्यांचे खरे रडार क्रॉस सेक्शन किती आहे ते इतरांना मोजता येत नाही.