पदकतालिकेतला अठरावा क्रमांक कुठून आला?

सप्टेंबर २०२४. ठाण्याहून सुटलेल्या धीम्या लोकलचा दिव्यांगांचा डबा. समोरच्याने कुबडी वरच्या दांडीला अडकवली, मोबाइलवर पॅरिस पॅरालिम्पिकची पदकतालिका उघडली आणि बोट खाली सरकवत भारत शोधला. "वीसच्या आत आहोत!" पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचा पट्टा सैल करता करता मीही डोकावलो. स्पर्धा संपली तेव्हा भारत अठरावा होता. ७ सुवर्ण, ९ रौप्य, १३ कांस्य, एकूण २९.

या तालिकेत आधी सुवर्ण मोजतात, ती सारखी असतील तर रौप्य, मग कांस्य. म्हणून पॅरिसमध्ये ५६ पदकांचा नेदरलँड्स चौथा आणि ८९ पदकांचा ब्राझील पाचवा. पहिला चीन, ९४ सुवर्णांसह. २००४ च्या अथेन्सपासून ती जागा त्याने सोडलेलीच नाही.

सुरुवात झाली तेव्हा देशांची चढाओढ नव्हती. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन होत असतानाच, डॉ. लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडव्हिल रुग्णालयात १६ जखमी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. १९६० मध्ये रोमला पहिलं पॅरालिम्पिक झालं, २३ देश आले. भारत उतरला १९६८ मध्ये, तेल अवीवला.

आपलं पहिलं पदक एका मराठी माणसाचं, आणि ते थेट सुवर्ण. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियुद्ध खेळायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पोहणं उपचार म्हणून सुरू झालं. १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत संपवली, विश्वविक्रमच केला. त्यांना तिथवर पोहोचवायला मदत झाली ती आपल्या मुंबईच्या विजय मर्चंट यांची. फलंदाज म्हणून मर्चंट सगळ्यांना ठाऊक असतात. निवृत्तीनंतर अपंगांसाठी त्यांनी केलेलं काम मला त्यांच्या धावांइतकंच मोठं वाटतं. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. तब्बल ४६ वर्षांनी!

नंतरचा काळ वाचताना जीव तुटतो. १९८४ मध्ये जोगिंदरसिंग बेदी यांची तीन आणि भीमराव केसरकर यांचं भालाफेकीतलं एक, अशी ४ पदकं आली, पण सुवर्ण एकही नाही. मग थेट २००४ ला देवेंद्र झाझरियाचं सुवर्ण आणि राजिंदरसिंग रहेलूचं कांस्य. २००८ ला पाटी कोरी. २०१६ ला रिओत पुन्हा चारच पदकं, पण त्यांत २ सुवर्ण होती, म्हणून ४३ वा क्रमांक. २०२१ च्या टोकियोच्या आधीची सगळी पदकं मिळून भरतात फक्त १२.

आणि तालिकेतला आकडा निकालाच्या रात्री पक्का होतोच असं नाही. अपंगत्वाच्या स्वरूपानुसार खेळाडूंचे वर्ग पाडतात, म्हणून एकट्या पॅरिसमध्ये ५४९ सुवर्णपदकांच्या स्पर्धा झाल्या. हा वर्ग चुकला तर पदक हातचं जातं. टोकियोत थाळीफेकपटू विनोद कुमारचं कांस्य असंच गेलं आणि भारत १९ पदकांवर थांबला. पॅरिसमध्ये उलट घडलं. भालाफेकीत पहिला आलेला इराणी खेळाडू ध्वजाच्या नियमभंगामुळे बाद झाला आणि नवदीप सिंगचं रौप्य सोन्याचं झालं.

तरी मला या सगळ्या आकड्यांत महत्त्वाचा वाटतो तो खेळाडूंचा. रिओला भारताने पाठवले १९, टोकियोला ५४, पॅरिसला ८४. पदकं ४, १९, २९. ताकद आधीही होतीच. मैदानापर्यंत नेणारं कुणी नव्हतं. प्रशिक्षक, प्रवास, कृत्रिम अवयव यांचा खर्च घरच्यांच्या खिशातून निघत नाही. २०१४ पासून केंद्राच्या 'टॉप्स' योजनेतून निवडक खेळाडूंना आधार मिळू लागला, त्याचा हा परिणाम. सांगलीच्याच सचिन खिलारीने पॅरिसमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य घेतलं, तेव्हा आमचा डबा टाळ्यांनी दणाणला.

पोहण्यात मात्र पेटकरांनंतर एकही पदक नाही. पॅरिसच्या तलावात १४१ सुवर्णपदकं होती. भारताचा जलतरणपटू तिथे एकच होता, सोलापूर जिल्ह्यातला सुयश जाधव.