वेगळा कोपरा आणि पंखा: धूर खरंच अडतो का?

धूम्रपानबंदीची चर्चा संसदेत निघाली की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो आणि पुढे तोच फॉरवर्ड होऊन फिरतो: ‘सरसकट बंदी कशाला? ओढणाऱ्यांना वेगळा कोपरा द्या, एक्झॉस्ट पंखा लावा, बाकीच्यांना त्रास नाही.’

ऐकायला हे पटतं. वास कमी झाला की धूर गेला, असं आपण धरूनच चालतो. पण सिगारेटच्या धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) बारीक असतात. ते खाली बसत नाहीत, तासन्‌तास हवेत तरंगत राहतात आणि खोलीत आखलेली रेघ काही ते पाळत नाहीत.

आता पंख्याचा हिशेब. समजा, पंखा दर दहा मिनिटांनी खोलीभर हवा बाहेर टाकतो. मग दहा मिनिटांत सगळा धूर जायला हवा ना? तसं होत नाही. आत येणारी ताजी हवा जुन्या हवेत मिसळते, त्यामुळे दहा मिनिटांनंतरही सुमारे ३७ टक्के धूर आतच असतो. तोवर दुसरी सिगारेट पेटलेली असते. (काचेची बंद खोली बरी, पण दार उघडलं की हवा बाहेर येतेच.)

पडताळायचं असेल तर पीएम २.५ (म्हणजे हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) मोजणारं छोटं यंत्र ‘धूम्रपान नाही’ असं लिहिलेल्या टेबलावर ठेवा. पलीकडे सिगारेट पेटली की थोड्या वेळात आकडा चढतो. सरसकट बंदीचं उदाहरणही आहे: आयर्लंडने २००४ मध्ये कामाच्या बंदिस्त जागांत धूम्रपानावर बंदी आणली, तेव्हा बार आणि उपाहारगृहंही वगळली नव्हती.