सत्तावीस विजय, सत्तावीस पराभव आणि मग अंतिम फेरी

२००९ च्या नाताळच्या दिवशी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत बॉस्टन सेल्टिक्स संघाने ऑर्लँडोला त्यांच्याच मैदानावर हरवलं. तोवरच्या २८ सामन्यांपैकी बॉस्टनने २३ जिंकले होते. उरलेल्या ५४ सामन्यांत मात्र २७ विजय आणि २७ पराभव. हंगाम संपला तेव्हा हिशेब होता ५०-३२, पूर्व गटात चौथा क्रमांक. रे ॲलन ३४ वर्षांचा, केव्हिन गार्नेट ३३ चा, पॉल पीअर्स ३२ चा, रशीद वॉलेस ३५ चा. दोनच वर्षांपूर्वी विजेतेपद मिळवलेला हा संघ आता उतरणीला लागला, असं बहुतेक जाणकारांनी ठरवून टाकलं होतं.

त्यानंतर बाद फेरीत, जिथे सातपैकी चार सामने आधी जिंकणारा पुढे जातो, या संघाने मायामीला ४-१ असं हरवलं. मग साखळीत सर्वाधिक, म्हणजे ६१ सामने जिंकलेल्या क्लीव्हलँडला ४-२. मग ५९ सामने जिंकलेल्या ऑर्लँडोला ४-२. जूनमध्ये लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्धची अंतिम लढत सातव्या सामन्यापर्यंत गेली.

एप्रिलपर्यंत पाय ओढत चालणारा संघ मे महिन्यात एवढा कसा बदलतो? ‘मोठ्या सामन्यांत अनुभवी खेळाडू बटण दाबल्यासारखे जागे होतात’ हे समालोचकांचं आवडतं उत्तर मला कधीच पटलं नाही. शरीरात असं बटण नसतं. पाय होते तेच राहतात. बदलतो तो त्या पायांवर पडणारा भार आणि त्यांच्याकडून करून घ्यायचं काम. हा बदल बराचसा मोजता येतो.

सुरुवात कॅलेंडरपासून करू. एनबीएच्या साखळीत प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. त्या वर्षी बॉस्टनचा पहिला सामना २७ ऑक्टोबरला होता आणि शेवटचा १४ एप्रिलला. म्हणजे १७० दिवसांत ८२ सामने, सरासरी दर दोन दिवसांनी एक. सरासरीने खरं चित्र मात्र झाकलं जातं, कारण त्यात सलग दोन रात्रींचे सामने असतात. रात्री दहाला सामना संपवायचा, विमानात बसायचं, पहाटे दुसऱ्या शहरातल्या हॉटेलात पोचायचं आणि संध्याकाळी पुन्हा कोर्टवर उतरायचं. बाद फेरीत १७ एप्रिल ते १७ जून या ६२ दिवसांत बॉस्टन २४ सामने खेळलं, म्हणजे साधारण अडीच दिवसांना एक. फरक अर्ध्या दिवसाचाच दिसतो, पण सलग दोन रात्रींचा सामना एकही नव्हता. क्लीव्हलँडविरुद्धच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सामन्यांमध्ये तर तीन पूर्ण दिवस मोकळे होते.

हा अवकाश स्नायूंसाठी का मोलाचा आहे, ते समजायला बास्केटबॉलमध्ये पायांचं नेमकं काय होतं ते पाहावं लागेल. धावण्या-उडी मारण्यापेक्षा जास्त नुकसान थांबण्यात आणि खाली उतरण्यात होतं. रीबाउंडसाठी, म्हणजे हुकून उसळलेला चेंडू पकडण्यासाठी, उडी मारून खाली आल्यावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावून शरीराचा वेग रोखतात. या ताणलेल्या आकुंचनात स्नायूतंतूंमध्ये सूक्ष्म इजा होतात. दुखणं लगेच जाणवत नाही. एका दिवसाने सुरू होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं. जिना उतरताना मांड्या भरून येतात ते हेच, आणि गड चढून आलेल्या कुणालाही ते ठाऊक आहे. स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे इंधन म्हणून साठवलेल्या साखरेचा, साठाही पूर्ण भरायला नीट जेवूनखाऊन साधारण एक दिवस लागतो. थोडक्यात, सलग दुसऱ्या रात्री खेळाडू अर्धवट भरलेल्या टाकीने आणि दुखऱ्या मांड्यांनी उतरतो.

विशीतला खेळाडू हे पचवून नेतो. तिशी ओलांडल्यावर हिशेब बदलू लागतो. झटक्यात जोर लावणारे वेगवान स्नायूतंतू वयाबरोबर आधी कमी होतात. दमाचे, सावकाश काम करणारे तंतू जास्त काळ टिकतात. म्हणून ३४ वर्षांचा खेळाडू दोन तास पळू शकतो, पण त्याची पहिली उडी आणि पहिलं पाऊल मंदावलेलं असतं. कूर्चेचं, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाचं, दुखणं याहून चिवट. गुडघ्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातून झिरपेल तेवढंच पोषण. त्यामुळे तिची दुरुस्ती जवळजवळ होतच नाही. गार्नेटला २००९ च्या फेब्रुवारीत उजव्या गुडघ्याला दुखापत झाली, त्या वर्षीची बाद फेरी हुकली आणि मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली. पुढचा अख्खा हंगाम तो पाय आखडता टाकत खेळताना दिसायचा. प्रशिक्षक डॉक रिव्हर्स यांनी त्याला सामन्यामागे सरासरी ३० मिनिटंच खेळवलं. माझ्या मते त्या वर्षातला सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय हाच. डिसेंबरनंतरच्या पराभवांपैकी काही या बचतीची किंमत होते.

झोपेचाही मुद्दा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात चेरी माह यांनी बास्केटबॉल संघातल्या ११ खेळाडूंवर एक प्रयोग केला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळाडूंना पाच ते सात आठवडे रोज किमान दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं होतं. त्यांची फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीची) अचूकता ९ टक्क्यांनी वाढली, थ्री-पॉइंटरचीही (लांबून टाकायच्या तीन गुणांच्या फेकीची) तेवढीच, आणि धावण्याच्या चाचणीतली वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली. खेळाडू थोडेच होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे या आकड्यांना फार घट्ट धरू नये. दिशा मात्र स्पष्ट आहे. एका शहरात सलग दोन सामने, दोन सामन्यांत किमान एक रात्र मोकळी, असं वेळापत्रक मिळालं की त्या झोपेचा फायदा सर्वांनाच होतो. ज्याचं शरीर सावरायला जास्त वेळ घेतं त्याला जास्त होतो.

वाढलेल्या विश्रांतीतून प्रशिक्षकाला मिनिटं मिळतात. साखळीत नऊ-दहा खेळाडू आलटून पालटून खेळवावे लागतात. बाद फेरीत सात-आठांवर भागतं. बॉस्टनच्या बाबतीत पीअर्सची मिनिटं ३४ वरून ३९ च्या आसपास गेली, गार्नेटची ३० वरून ३३ वर, आणि चेंडू खेळवणाऱ्या रजॉन राँडोची ३७ वरून ४० च्या वर. वाढ किरकोळ वाटते, पण ही सगळी मिनिटं कमकुवत राखीव खेळाडूंच्या वाट्यातून काढलेली असतात. ज्या संघाची पहिली पाच माणसं उत्तम आणि बाकीची फळी पातळ, तो साखळीत मार खातो आणि बाद फेरीत वर येतो.

राँडोचं नाव आलं आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. ७ मे रोजी क्लीव्हलँडने बॉस्टनमध्येच येऊन त्यांना १२४-९५ असं चिरडलं. दोन दिवसांनी राँडोने २९ गुण, १८ रीबाउंड आणि १३ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) अशी कामगिरी करून मालिका बरोबरीत आणली. तो उंचीने सहा फुटांच्या जरासा वर आणि वयाने २४. म्हणजे ‘म्हाताऱ्यांच्या संघाने’ केलेल्या त्या पुनरागमनात सर्वांत जास्त धावणारे पाय तरुण होते. अनुभवी संघाचं कौतुक करताना हे विसरलं जातं. कुणीतरी पळणारा असल्याशिवाय बाकीच्यांना जागेवर उभं राहून शहाणपण दाखवता येत नाही.

तरीही ते शहाणपण खरं आहे आणि त्याला चेतासंस्थेत आधार आहे. इटलीतले संशोधक साल्व्हातोरे अग्लिओती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. फ्री थ्रोच्या चित्रफिती त्यांनी वेगवेगळ्या क्षणी तोडल्या आणि चेंडू आत जाईल की बाहेर, हे तीन गटांना ओळखायला सांगितलं. एक गट कसलेल्या खेळाडूंचा, दुसरा प्रशिक्षक आणि क्रीडा पत्रकारांचा, तिसरा नवख्यांचा. खेळाडूंनी सर्वांत आधी आणि सर्वांत अचूक ओळखलं. चेंडू हातातून सुटण्याआधीच ते फेकणाऱ्याच्या शरीराच्या हालचालींवरून अंदाज बांधत होते. वर्षानुवर्षं सामने पाहिलेल्या प्रशिक्षकांना आणि पत्रकारांना ते तितकं जमलं नाही. ही जाण नुसतं बघून येत नाही. स्वतःच्या हाताने हजारो वेळा केलेली हालचाल मेंदू समोरच्याच्या शरीरात ओळखतो.

बचाव करताना याचा अर्थ असा की अर्धं पाऊल आधी निघालेला मंद खेळाडू उशिरा निघालेल्या वेगवान खेळाडूइतकाच वेळेवर पोचतो. बॉस्टनचा बचाव याच तत्त्वावर उभा होता. सहायक प्रशिक्षक टॉम थिबोडो यांच्या आखणीत चेंडू ज्या बाजूला असेल तिकडे एक जादा माणूस सरकायचा, आणि उघड्या पडलेल्या बाजूकडे चेंडू वळला की सगळ्यांनी एका लयीत परत सरकायचं. मागे उभा राहून ओरडत सगळ्यांना जागा सांगणारा गार्नेट हा त्या यंत्रणेचा आवाज होता. साखळीत दर दोन दिवसांनी प्रतिस्पर्धी बदलतो, तेव्हा अंदाज ढोबळ असतात. बाद फेरीत दोन आठवडे समोर तोच संघ, त्याच चाली, त्याच लकबी. अंदाज बांधणाऱ्या मेंदूला यापेक्षा चांगली शाळा नाही. क्लीव्हलँडविरुद्धच्या पाचव्या सामन्यात त्यांचा प्रमुख खेळाडू लेब्रॉन जेम्सने १४ पैकी ३ फेकी साधल्या आणि बॉस्टनने तो सामना १२०-८८ असा जिंकला. ती एक रात्र एकट्या बचावाच्या खात्यावर जमा करता येणार नाही, पण त्या मालिकेत एकंदरीत बॉस्टनचे पाय योग्य जागी आधी पोचत गेले, हे पाहणाऱ्याला दिसत होतं.

नशिबाचा वाटा किती? तोही मोजता येतो. ८२ सामन्यांत निव्वळ योगायोगाने विजयांचा आकडा साडेचारने इकडेतिकडे होणं ही सामान्य गोष्ट आहे. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ४० टक्के असलेला संघ सात सामन्यांची मालिका २९ टक्के वेळा जिंकतो. म्हणजे कमी ताकदीचा संघ एखादी मालिका मारून नेईल, यात चमत्कार नाही. अशा दोन मालिका ओळीने जिंकण्याची शक्यता मात्र जेमतेम ८ टक्के उरते. म्हणून क्लीव्हलँड आणि ऑर्लँडो दोघांनाही हरवल्यावर ‘नशीब’ हे उत्तर अपुरं पडतं.

एका रात्रीच्या पातळीवर मात्र नशीब प्रचंड असतं, आणि त्याचं रे ॲलनइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडत नाही. लेकर्सविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात त्याने आठ थ्री-पॉइंटर टाकले, अंतिम फेरीतला तेव्हाचा विक्रम. दोन दिवसांनी तिसऱ्या सामन्यात तोच माणूस १३ पैकी शून्य. त्यातले आठ प्रयत्न थ्री-पॉइंटरचे होते. आयुष्यभर ४० टक्के थ्री-पॉइंटर साधणाऱ्या खेळाडूचे ओळीने आठ हुकण्याची शक्यता साठात एक आहे. लांबलचक कारकिर्दीत अशा रात्री येणारच. त्या रात्री तो संपला असं म्हणणारे आणि दोन रात्री आधी त्याला डोक्यावर घेणारे एकाच तोकड्या पुराव्यावर बोलत होते.

मग एप्रिलमध्ये रखडणारा कुठला अनुभवी संघ सुधारेल, हे आधी ओळखता येतं का? मी तीन गोष्टी बघतो. पहिली, विजयांपेक्षा गुणांचा फरक. १९६८-६९ चा बॉस्टन संघ हा याचा जुना दाखला आहे. बिल रसेल तेव्हा खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही, वय ३५. साखळीत ४८-३४, पूर्व विभागात चौथा क्रमांक. पण त्यांचा सामन्यामागे गुणफरक पाचपेक्षा जास्त होता, म्हणजे हरताना थोडक्यात आणि जिंकताना मोठ्या फरकाने. तो संघ विजेता ठरला. दुसरी, पराभवांचं कारण दुरुस्त होण्याजोगं आहे का. २०१३-१४ मध्ये ब्रुकलिन नेट्सकडे म्हातारे झालेले गार्नेट आणि पीअर्स गेले आणि संघाची सुरुवात १०-२१ अशी झाली. उंचापुरा ब्रुक लोपेझ जायबंदी झाल्यावर पीअर्सला बास्केटजवळच्या जागेवर हलवलं आणि उरलेले सामने ३४-१७ असे गेले. दोष मांडणीत होता, मांडणी बदलता आली. उलट २०२१-२२ च्या लेकर्सकडे नावाजलेल्या वयस्क खेळाडूंची रांग होती आणि ते ३३-४९ वर संपले, बाद फेरीही गाठू शकले नाहीत. तिथे बचावासाठी धावणारे पायच नव्हते, आणि ते विश्रांतीने उगवत नाहीत.

तिसरी गोष्ट म्हणजे एखादा खेळाडू गेला तर त्याची जागा कोण घेणार. २०१० च्या बॉस्टनने इथे मार खाल्ला. अंतिम लढतीच्या सहाव्या सामन्यात २५ वर्षांच्या केंड्रिक पर्किन्सच्या गुडघ्याला इजा झाली. तो बॉस्टनचा बास्केटखालचा भक्कम खांब होता. सातव्या सामन्यात, १७ जूनच्या रात्री (भारतात १८ जूनची सकाळ उजाडली होती), त्याच्या जागी ३५ वर्षांचा रशीद वॉलेस उतरला. तिसऱ्या डावात बॉस्टन १३ गुणांनी पुढे होतं. लेकर्सचा प्रमुख खेळाडू कोबी ब्रायंटच्या २४ पैकी ६ च फेकी आत गेल्या. अंदाज, जागा, बचाव, सगळं चोख चाललं होतं. पण चुकलेला चेंडू उसळून वर येतो तेव्हा तो कुठे पडेल हे आधी ओळखून पुरत नाही. तिथे उडी मारावी लागते, आणि लगेच दुसरी. लेकर्सनी आपलेच हुकलेले २३ चेंडू परत मिळवले, बॉस्टनने ८. शेवटच्या डावात लेकर्सचे ३० गुण झाले, बॉस्टनचे २२. रे ॲलनच्या १४ पैकी ३ फेकी आत गेल्या. निकाल लेकर्सच्या बाजूने, ८३-७९.