दारात वाळूची पोती रचली की घर वाचलं?

पुराचा इशारा आला की दारात वाळूची पोती रचायची, हा समज ब्रिटनमध्येही घट्ट आहे. पण पोत्यांतून पाणी झिरपतंच. शिवाय ते दारानेच येईल असं कुठे आहे? शौचालयाच्या भांड्यातून उलटं येतं, फरशीखालून वर येतं, भिंतीतल्या हवेच्या जाळीतून शिरतं. आणि बाहेर साधारण ६० सेंटीमीटरच्या वर चढलं, तर अडवून धरणंच धोक्याचं. दाबाने भिंत खचू शकते. म्हणून पाणी आत आलं तरी घर लवकर सावरावं, यावरही तिथे भर आहे: प्लग उंचावर, जमिनीला टाइल्स. सरकार आणि विमा कंपन्यांच्या 'फ्लड री' या पूरविमा योजनेत २०२२ पासून सहभागी कंपन्या नुकसानभरपाईच्या वर अशा कामांना १०,००० पौंडांपर्यंत देऊ शकतात. मात्र २००९ पासून बांधलेली घरं त्यात बसत नाहीत.